तालुक्याच्या गावी निवृत्त जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचं मंडळ सुरू करायचंय: वार, जागा, वर्गणी, नोंदणी

घाटमाथा_५८ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातला तालुका. पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि पशुवैद्यकीय दवाखाने इथून निवृत्त झालेली बरीच मंडळी तालुक्यात राहतात, पैकी निम्मी वाड्या-वस्त्यांवर. मागण्यांसाठी संघटना आहे, ती निवेदन आणि धरणे यापुरती एकत्र येते. आम्हाला हवंय ते वेगळं आहे. महिन्यातून एकदा भेटावं, वर्षातून एक-दोन सहली व्हाव्यात, हातून थोडं उपयोगाचं काम व्हावं, कोणी आजारी पडलं तर चार माणसं दारात जावीत. पुढाकार घ्यायला चौघे तयार आहेत.

वार आणि जागा कोणती धरावी? वर्गणी किती? नोंदणी आधी की नंतर? आणि अशी मंडळं वर्ष-दीड वर्षात विरून जातात ती नेमकी कशामुळे? शहरातल्या ज्येष्ठ नागरिक संघांची घडी इथे जशीच्या तशी बसत नाही, म्हणून विचारतोय.

दप्तरदार

आधी यादी करा, बैठक नंतर. पंचायत समितीचा अर्थ विभाग पेन्शनरांची यादी देणार नाही आणि मागूही नये. संवर्गनिहाय एकेक माणूस नेमा: शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य, लिपिक व लेखा, पशुसंवर्धन, परिचर व वाहनचालक. प्रत्येकाने आपल्या संवर्गातली नावं गोळा करायची. जुने ग्रामसेवक आणि आरोग्य सेवक हे काम सर्वांत लवकर करतात, त्यांना गाव न् गाव माहीत असतं.

वहीत रकाने एवढेच: नाव, गाव-वाडी, स्वतःचा मोबाइल, घरातल्या दुसऱ्या माणसाचा मोबाइल, जन्मतारीख. जन्मतारीख वाढदिवसासाठी नव्हे. ८० पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तीवेतनात वाढ मिळते. ती वेळेवर लागली का, हे बऱ्याच घरांत कोणी पाहत नाही. वहीतून दर वर्षी त्या वयाला पोहोचणारी नावं काढली की मंडळाचा पहिला खरा उपयोग तिथेच दिसतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, बँक खातं, आधार हे मात्र वहीत नको आणि व्हॉट्सॲप गटावर तर नकोच.

शिक्षकांची संख्या सगळीकडे जास्त असते. त्यामुळे मोकळ्या निवडणुकीत सगळी समिती शिक्षकांची होते आणि परिचर, वाहनचालक दोन महिन्यांत यायचे थांबतात. समितीत प्रत्येक संवर्गाचा एक, असं लिहूनच ठेवा. गट ड चे कर्मचारी, म्हणजे परिचर वगैरे, ६० ला निवृत्त होतात, बाकीचे ५८ ला. आलेल्यांत हीच माणसं सर्वांत कमी दिसली, तर मंडळाचं काहीतरी चुकतंय असं समजा.

बसण्याची रीत फार महत्त्वाची आहे. व्यासपीठ नको, टेबल नको, खुर्च्या गोल मांडा. ओळख नाव आणि गाव एवढीच, पदनाम नाही. ज्या माणसाने ३० वर्षं साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून नोकरी केली, त्याला निवृत्तीनंतरही साहेब समोरच्या सोफ्यावर आणि आपण मागच्या रांगेत असं दिसलं, तर तो पुन्हा का येईल? एकमेकांना हाक मारताना अण्णा, तात्या, ताई, काकी. ‘साहेब’ सुटायला थोडे महिने लागतात, पण सुटतं.

वार: आठवडी बाजाराचा धरा, महिन्यातला ठरलेला एकच, म्हणजे पहिला किंवा दुसरा. त्या दिवशी वाड्यांवरची माणसं तशीही येतात, वडापही (माणशी भाड्याच्या जीपगाड्या) मुबलक असतात. वेळ १०:३० ते १२:१५. पेन्शन जमा होण्याच्या तारखेला बैठक जोडू नका, ती तारीख दर महिन्याला पुढे-मागे होते आणि बैठकही तिच्यामागे फरफटते.

जागा तळमजल्यावरचीच. पंचायत समितीचं सभागृह मिळतं, पण गटविकास अधिकाऱ्यांना दर वेळी पत्र द्यावं लागतं आणि आयत्या वेळी शासकीय बैठक लागली की आपण बाहेर. त्यापेक्षा सार्वजनिक ग्रंथालयाची खोली किंवा देवळाचा सभामंडप बरा. तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहा: वापरता येईल असं स्वच्छतागृह, हाताच्या खुर्च्या (गुडघे दुखणाऱ्याला बिनहाताच्या खुर्चीतून उठवत नाही) आणि एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं अंतर.

चहा ४० माणसांचा: दूध २ लिटर, पाणी दीड लिटर, चहा पावडर १०० ग्रॅम, आलं. सगळा बिनसाखरेचा करा आणि निम्मा वेगळ्या किटलीत ओतून त्यात २०० ग्रॅम साखर घाला. साखरेचा एकच चहा केला की मधुमेहवाले संकोचाने तोच पितात.

विरण्याची कारणं आता. पहिलं: बैठक महागाई भत्ता आणि थकबाकीच्या चर्चेत बुडते. ही चर्चा हवीच, पण सुरुवातीची १५ मिनिटं आणि एकाच जाणकाराने शासन निर्णयाची प्रत हातात धरून. बाकीचं संघटनेकडे. दुसरं: सत्कार. शाल-श्रीफळ एकदा सुरू झालं की प्रत्येकाचा मान राखावा लागतो, वेळ आणि पैसा दोन्ही त्यातच जातात. महिन्यातले सगळे वाढदिवस एकत्र, टाळ्या आणि राजगिऱ्याचा लाडू, पुरे. तिसरं: एकच उत्साही माणूस सगळं ओढतो आणि तो मुलाकडे पुण्याला गेला की सगळं थांबतं. वही, किल्ली आणि पैसे तीन वेगळ्या माणसांकडे ठेवा आणि दर सहा महिन्यांनी बदला.

हिशेब_चोख

वरच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. पैशाचं मी सांगतो.

वर्गणी सगळ्यांना सारखी, वर्षाला २०० रुपये. ‘अधिकाऱ्यांनी ५००, बाकीच्यांनी १००’ हा प्रस्ताव हमखास येतो. तो उदार वाटतो, पण त्यातून पुन्हा वर्ग पडतात. ज्याला जास्त द्यायचं असेल त्याने नाव न घेता देणगी द्यावी. ६० सभासद धरले तर १२,००० जमतात. चहा-बिस्किटाला दर माणशी १५ रुपये, ४० जणांचे महिन्याला ६००, वर्षाचे ७,२००. उरलेल्या ४,८०० मध्ये वह्या, झेरॉक्स, आजारी सभासदाला भेटायला जायचं गाडीभाडं. सहलीचा पैसा पूर्ण वेगळा, सहल संपली की आठवड्यात हिशेब वाचून शिल्लक परत.

निधीतून कोणालाही उसने पैसे द्यायचे नाहीत, भिशी चालवायची नाही. हा नियम पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात घ्या. तो नंतर आणायला गेलात तर तो कोणा एकाविरुद्ध आणल्यासारखा दिसतो. उसनवारी थकली की माणूस पैशाबरोबर मंडळातूनही जातो.

नोंदणी: पहिलं वर्ष करू नका. तोवर दोघांच्या नावाने बचत खातं काढा, व्यवहार दोघांच्या सहीने. कोणाच्याही एकट्याच्या खात्यात वर्गणी नको, तो माणूस दगावला तर ती रक्कम वारसांच्या कागदपत्रांत अडकते. रोख घेतलीत तर पावती तिथल्या तिथे फाडा.

वर्षभर बैठका नेमाने झाल्या, तर मग संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली अर्ज करा. किमान सात माणसं लागतात, शिवाय संस्थेचं निवेदनपत्र आणि नियमावली. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही होते. दोन्ही कामं जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात.

खरी अडचण नोंदणीनंतर येते. समिती बदलली किंवा विश्वस्त वारले, की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. तो कोणी देत नाही. मग पाच-सात वर्षांनी परिशिष्ट एकवर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर) वारलेले अध्यक्ष आणि गाव सोडून गेलेले चिटणीस यांचीच नावं असतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि शिल्लक पैसा कोणालाच काढता येत नाही. दर वर्षी ऑडिटही लागतं. तुमच्यात लेखा संवर्गातला एक जण ही जबाबदारी अंगावर घ्यायला तयार असेल तरच नोंदणीच्या वाटेला जा. नसेल तर जवळच्या नोंदणीकृत ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद होऊन त्यांच्या छत्राखाली बसा. त्यातले बरेचसे फेस्कॉमला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघांच्या राज्यातल्या महासंघाला, जोडलेले असतात.

सेविकाताई_निवृत्त

दप्तरदार भाऊ, तुमच्या यादीत एक मोठा वर्ग राहिला: कुटुंब निवृत्तीवेतन घेणाऱ्या बायका. ‘कै. अमुक यांच्या पत्नी’ म्हणून नाही, त्यांच्या स्वतःच्या नावाने सभासद करा. कागदपत्रांची सर्वांत जास्त अडचण त्यांनाच येते आणि विचारायला कोणी नसतं. पहिल्या बैठकीला त्या एकट्या येणार नाहीत. निवृत्त आरोग्य सेविकांनी किंवा पर्यवेक्षिकांनी घरी जाऊन सोबत आणायचं. दोघी-तिघी एकदम आल्या तरच टिकतात. बाजाराचा दिवस बायकांना जड जातो, बाजाराची पिशवी सांभाळत बसावं लागतं. जागेवर पिशव्या ठेवायला एक कोपरा आणि तिथे एक माणूस द्या, मग वाराची हरकत राहत नाही.

उपयोगाचं काम विचारलंत, तर ऑक्टोबरच्या बैठकीत हयातीच्या दाखल्याची (पेन्शन चालू राहायला दर वर्षी द्यावा लागतो तो) तयारी आणि नोव्हेंबरच्या बैठकीत प्रत्यक्ष दाखला. हे एकच काम नीट केलं तरी माणसं जोडली जातात. पद्धत अशी:

ऑक्टोबरमध्ये प्रत्येकाचं आधार, पीपीओ आणि पासबुक यांवरचं नाव जुळतं का ते पाहायचं. आडनावाचं स्पेलिंग किंवा वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, घोळ इथेच असतो. जीवन प्रमाणच्या (ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची सरकारी सोय) यादीत आपली पेन्शन मंजूर करणारी आणि वाटप करणारी संस्था दिसते का, तेही तेव्हाच तपासा. दिसत नसेल तर ऑनलाइनच्या नादी लागू नका, बँकेतल्या हयात यादीवर जाऊन सही करा.

नोव्हेंबरमध्ये बोटांचे ठसे घेण्यात वेळ घालवू नका. शेतात आणि भांड्यात झिजलेली बोटं यंत्र ओळखत नाही. चेहऱ्याने करा. एका चांगल्या अँड्रॉइड फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन्ही ॲप घ्या. आधी फोन हाताळणाऱ्याने स्वतःची ओळख नोंदवायची, मग त्याच फोनवर एकामागून एक सगळ्यांचं होतं. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि ॲप नाकारतं. चष्मा काढायचा, डोक्यावरचा पदर थोडा मागे घ्यायचा, डोळ्यांची उघडझाप करायची. पुनर्विवाह आणि पुनर्नियुक्ती या दोन प्रश्नांची उत्तरं घाईत चुकतात, तिथे मोठ्याने वाचून माणसाला विचारूनच खूण करा. झाल्यावर प्रमाण क्रमांक वहीत नको, ज्याच्या-त्याच्या हातात कागदावर लिहून द्या.

सोबत एवढंही सांगा, की दाखल्यासाठी कोणतंही कार्यालय फोन करून ओटीपी मागत नाही आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडायची नाही. ७० पूर्ण झालेल्यांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्डही त्याच दिवशी आधारवर निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणखी एक काम सुचवते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी केंद्रांवर हजेरीपट लिहिले, सुकडी वाटली, त्यांतले आता थोडेच उरलेत. फोनवर त्यांचं बोलणं २० मिनिटं ध्वनिमुद्रित करा. ‘तेव्हाचं काही सांगा’ असं विचारलं की कोणी बोलत नाही. हजेरी कोण घ्यायचं, मजुरी कोणत्या वारी वाटायचे, पाणी कुठून यायचं, असे बारीक प्रश्न आधी लिहून न्या.

लालपरी_प्रवासी

सहलीबद्दल. नियमित एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे मोफत, बायकांना कोणत्याही वयात अर्धं. वयासाठी आधार जवळ हवं. प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेतलीत तर भाडं किलोमीटरवर बसतं आणि या सवलती धरल्या जात नाहीत. म्हणून पहिली सहल नियमित फेरीनेच काढा, २०-२५ जण, थेट गाडी असेल अशा ठिकाणी. आगारप्रमुखांना आठवडा आधी सांगून आरक्षण करा. एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या आत, मुक्काम नाही, पायऱ्यांचं देवस्थान नाही. दुपारी १ ला जेवण पानात पडलंच पाहिजे, इन्सुलिन घेणारे असतात.

घाटमाथा_५८

खूप कामाचं मिळालं. दोन शंका. कुठल्या वाडीवर सभासद वारला तर पहिल्या आठवड्यात मंडळाने नेमकं काय करावं? आणि मोठे कार्यक्रम वर्षातून किती?

दप्तरदार

कार्यक्रम दोनच. १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन आणि १७ डिसेंबरचा पेन्शनर दिन. १९८२ साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असा निकाल दिला. शाळकरी मुलांपुढे तो सोप्या भाषेत कोणी सांगितला, तर पाहुणे बोलावण्यापेक्षा चांगला कार्यक्रम होतो.

कोणी गेल्यावर: दहाव्यापर्यंत फक्त भेट, त्याच संवर्गातली दोन माणसं आणि एक ताई. कागदाचा विषय काढायचा नाही, अपवाद एकच. बँकेला आणि पंचायत समितीच्या अर्थ विभागाला मृत्यू कळवायचा आणि एटीएमने पैसे काढू नका असं घरच्यांना हळू सांगायचं. मृत्यूनंतरच्या काळाची पेन्शन जमा झाली तर ती वसूल होते आणि तोवर ती कार्याला खर्च झालेली असते.

तेराव्यानंतर एक माणूस नेमा, तोच शेवटपर्यंत. ग्रामपंचायतीतून मृत्यूच्या दाखल्याच्या सहा प्रती घ्यायच्या. पीपीओ, पती-पत्नीचा एकत्र फोटो, दोघांचं आधार, पत्नीचं स्वतंत्र पासबुक. पत्नीच्या नावाने खातंच नसेल तर आधी ते काढा, सगळ्यात जास्त दिवस तिथेच जातात. पीपीओत पत्नीचं नाव आधारपेक्षा वेगळं असेल तर अर्जाच्या दिवशीच अर्थ विभागात विचारा की कोणता कागद चालेल, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव-तारीख लिहून ठेवा. कार्यालयात ताईंना एकटं पाठवू नका.