जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत करून प्रदर्शनात लावावेत का?

वाचनालयवाली_सातारा
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात ऑगस्टमध्ये गाजलेल्या फोटोंचं छोटं प्रदर्शन करायचंय, मोठ्या प्रिंट आणि खाली चार ओळी माहिती, एवढंच. यादीत फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइटने काढलेला गांधीजी आणि चरख्याचा फोटो (१९४६), डोरोथिया लँगचा कॅलिफोर्नियातल्या मजूर आईचा (१९३६) आणि होमाई व्यारावालांचे दोन-तीन. आता कमिटीतली तरुण मुलं म्हणतायत की सगळे एआयने रंगीत करून लावूया, शाळेची पोरं काळ्या-पांढऱ्यासमोर थांबतच नाहीत. एकाने गांधीजींचा करूनही दाखवला, दिसतो छान, पण बघताना काहीतरी गेलंय असं सारखं वाटत राहिलं आणि नेमकं काय ते मीटिंगमध्ये मला सांगता येईना. तुम्हाला काय वाटतं?

अंधारखोली
ताई, तो फोटो आपल्या पुण्यातला आहे हे पोरांना आधी सांगा, निम्मी तिथेच थांबतील. बर्क-व्हाइटला सांगितलं गेलं की आधी चरखा चालवायला शिक मग फोटो काढ, त्यात त्या दिवशी बापूंचं मौन, आणि डोळ्यांवर प्रखर उजेड नको म्हणून फ्लॅशचे फक्त तीन बल्ब वापरायची परवानगी. पहिले दोन फसले, तिसऱ्याला फोटो मिळाला.

आणि काय गेलं विचारताय तर माझ्या मते उजेड गेला. मूळ फोटोत चरखा पुढे मोठा आणि गडद आहे, मागे बापू मांडी घालून वाचत बसलेत, कातत नाहीयेत हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, आणि मागच्या खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या अंगावर पडलाय. नजर आधी चरख्यावर जाते, मग त्याच्या मागून बापूंकडे. लाकूड तपकिरी केलं, भिंत पिवळट केली, कातडीला रंग दिला की सगळंच सारखं बोलायला लागतं आणि नजर कुठेही भटकते. तिने चौकट लावली ती काळ्या-पांढऱ्याचा हिशोब डोक्यात धरूनच.

रंगपेटी_कोल्हापूर
थोडं वेगळं बोलतो. माझे वडील स्टुडिओत फोटो रंगवायचे. पारदर्शक फोटो कलर, बारीक ब्रश, कापसाचा बोळा. गिऱ्हाईकाला विचारायचे साडी कुठल्या रंगाची होती, काठ कुठला, आणि पाकिटावर लिहून ठेवायचे. आपल्याकडे १९व्या शतकापासून फोटो रंगवतायत, संस्थानिकांचे तर कित्येक फोटो रंगांखाली जवळजवळ चित्रंच झालेत. तेव्हा रंग दिला म्हणजे पाप केलं असं मला नाही वाटत. सिनेमा दिग्दर्शक पीटर जॅक्सनने २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाचं जुनं फुटेज रंगीत केलं तेव्हा खंदकातली ती पोरं एकदम आपल्या कॉलेजातली वाटायला लागली, मी तरी हललो. पण त्यांनी खरे गणवेश समोर ठेवून रंग ठरवले होते आणि माझे वडील गिऱ्हाईकाला विचारायचे. एआय कोणाला विचारतं?

पिक्सेलमावशी
कोणालाच नाही, आणि विचारून रंग भरणं आणि अंदाजाने भरणं यातच सगळा फरक आहे. करड्या छटेत फक्त किती गडद किती फिकं एवढंच उरतं, रंग कुठला होता ते नसतंच, त्यामुळे गडद लाल नऊवारी आणि गडद हिरवी नऊवारी फोटोत अगदी सारखी येऊ शकते. त्यात फोटोच्या जुन्या काचेच्या प्लेटना लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा मात्र जास्त दिसायचा, म्हणून त्या काळच्या फोटोत आभाळ पांढरंफटक येतं आणि बायकांच्या कपाळावरचं कुंकू काळं येतं. घरचे जुने अल्बम काढून बघा! माझ्या पणजीचा फोटो एका ॲपमध्ये टाकला तर त्याने कुंकू डाग समजून पुसूनच टाकलं आणि साडी मातकट केली. मातकट का, तर खात्री नसली की बरीच एआय मॉडेल सगळ्या शक्यतांचा मधला रंग काढतात, आणि मधला रंग तसाच निघतो. ज्या बाईने आयुष्यभर ठसठशीत कुंकू लावलं तिचा असा फोटो नातवंडं खरा म्हणून जपणार, याचा मला मनापासून त्रास होतो.

पाऊलवाट
भोपाळचं उदाहरण द्यायला हवं इथे. १९८४ च्या वायुगळतीनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या त्या लहान मुलाचा चेहरा सगळ्यांना माहीत आहे, पण तो दोघांनी टिपलाय, रघु राय यांनी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत, आणि त्या रंगीत फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेचा त्या वर्षीचा पुरस्कार मिळाला. शेजारी ठेवून बघा. रंगीत फोटोत ती माती खरी माती वाटते आणि अंगावर येते, रायच्या फोटोत चेहरा आणि डोळे याशिवाय काही उरतच नाही. १९८४ ला रंगीत फिल्म मिळत होती, त्यामुळे रायच्या फोटोत रंग "राहून गेला" असं कोणी म्हणू शकत नाही. त्याला रंग लावणं म्हणजे त्याचा निर्णय फिरवणं.

आणि हात किती लांब जातो तेही बघा. २०२१ मध्ये व्हाइस या न्यूज साइटने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगीत केलेले फोटो छापले, ख्मेर रूज या तिथल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीच्या काळात तिथे हजारो माणसं मारली गेली, आणि काही फोटोंत चक्क ओठांवर हसू आणलेलं निघालं. तिथल्या सरकारने निषेध केला, फोटो काढून टाकावे लागले. मरणाच्या दारात उभ्या माणसाला हसवायचा अधिकार कोणी दिला?

वाचनालयवाली_सातारा
वाचून अंगावर काटा आला. मीटिंगमध्ये उजेडाचा मुद्दा आणि कुंकवाचा मुद्दा दोन्ही मांडते. पण पोरं थांबत नाहीत हा प्रश्न राहतोच ना.

अंधारखोली
मग खरे रंग दाखवा! ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम नावाची रंगीत फोटोची काचेची प्लेट १९०७ पासून बाजारात होती, रंगवलेल्या बटाट्याच्या स्टार्चच्या कणांमधून उजेड जाऊन रंग उमटायचे. पॅरिसच्या आल्बेर कान या बँकरने जगभर फोटोग्राफर पाठवून असे सुमारे ७२ हजार फोटो जमवले, १९१३-१४ ला त्याचा माणूस हिंदुस्थानातही येऊन गेला. बरेच ऑनलाइन आहेत. एक भिंत त्यांना द्या, शंभर वर्षांपूर्वीचा खरा रंग बघून पोरं तिथून हलणार नाहीत.

रंगपेटी_कोल्हापूर
आणि तो रंगीत बापूंचा लावायचाच असेल तर मूळ मोठा, रंगीत छोटा, आणि खाली "रंग अंदाजाने भरले आहेत" असं ठळक लिहा. मात्र आधी बर्क-व्हाइट आणि व्यारावालांच्या फोटोंचे हक्क कोणाकडे आहेत ते विचारून घ्या. लँगचा फोटो सरकारी कामातला, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मोठ्या साइजमध्ये फुकट मिळतो.