शब्दचर्चा: फाइलची 'परवानगी' की 'अधिकार'?

प्रश्न
विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) कसं वापरायचं याची मराठी टिपणं लिहितोय. 'परमिशन'ला सगळीकडे 'परवानगी' लिहिलं. पण सी ड्राइव्हवरच्या एसएसएच किल्लीला (दूरच्या संगणकात शिरायच्या गुप्त किल्लीच्या फाइलला) परमिशन बदलायची आज्ञा 'सीएचमॉड 600' दिली, म्हणजे फक्त मालकाने वाचावं-लिहावं, तरी 777, म्हणजे सगळ्यांना सगळं, जसंच्या तसं राहिलं. ते लिहिताना वाक्य झालं, "परवानगी बदलायची परवानगी नाही." वाचवत नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद
परवानगी मागावी लागते. देणारा ती त्या वेळेपुरती देतो. फाइलवर असते ती नोंद, म्हणून 'अधिकार' घ्या. सातबारा आठवा. गाव नमुना सातचं नावच 'अधिकार अभिलेख पत्रक', आणि त्यात 'इतर अधिकार' हा रकाना. लिनक्स ज्या घराण्यातलं, त्या युनिक्समध्येही फाइलवर तीन रकाने: मालक, गट आणि इतर. वाचणं 4, लिहिणं 2, चालवणं 1, आणि प्रत्येकाच्या अधिकारांची बेरीज हा त्याचा आकडा. म्हणजे 640 मध्ये मालक वाचतो-लिहितो, गट नुसता वाचतो, इतरांना काहीच नाही.

विंडोजची एनटीएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, तर सातबाऱ्याच्या आणखी जवळची. तिथे तीनच रकाने नसतात, हव्या तितक्या खात्यांची वेगवेगळी नोंद होते आणि वरच्या फोल्डरचे अधिकार खाली वारशाने येतात. 'इनहेरिटन्स'ला 'वारसा' चपखल बसतो.

तुमच्या अडचणीचं मूळही इथेच आहे. एनटीएफएसवर युनिक्सचे आकडे मुळात नोंदलेलेच नसतात. 'डब्ल्यूएसएल.कॉन्फ' या सेटिंगच्या फाइलमध्ये ऑटोमाउंटच्या (विंडोजचे ड्राइव्ह लिनक्सला आपोआप जोडण्याच्या) पर्यायांत 'मेटाडेटा' लिहा, डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून परत सुरू करा. मग 600 टिकेल. मात्र ही नोंद लिनक्सच्या बाजूपुरतीच. विंडोजमधून ती किल्ली कोण उघडू शकतं, हे विंडोजची वर सांगितलेली खात्यांची नोंदच ठरवते. टिपणात हे ठळक लिहा, लोक इथे हमखास फसतात.

प्रतिसाद
'अधिकार' पटलं, पण 'चालवणं' फोल्डरला लावू नका. फोल्डर कोण चालवणार? तिथे 1 म्हणजे त्यातून पुढे जाता येणं. आतल्या नावांची यादी पाहायला 4 लागतो. नुसता 1 असेल तर यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेल्या फाइलपर्यंत पोचता येतं. दुसऱ्याच्या शेतातून आपल्या शेतावर जायची वाट असते ना, तसं. मी 'वाटेचा हक्क' म्हणेन.

प्रश्नकर्ता
'वाटेचा हक्क' घेतो, फारच आवडला. 'परवानगी' मात्र एका जागी ठेवतोय, नकाराच्या संदेशात: "अधिकार नसल्याने परवानगी नाकारली."