मदत हवी आहे : जुन्या दणकट बुटांचा संग्रह महिनाअखेरीपर्यंत विकायचा आहे

जहाजी_मंगळवारपेठ
नमस्कार. माझ्याकडे जुन्या, दणकट बुटांचे १९ जोड आहेत. मंगळवार पेठेतले घर महिनाअखेरीस रिकामे करून द्यायचे आहे आणि नव्या फ्लॅटमध्ये त्यांना जागा नाही, म्हणून ते विकायचे आहेत. जुने सामान घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने सगळ्यांचे मिळून ९,००० रुपये सांगितले, तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवले. माल अस्सल आहे. कोल्हापुरात किंवा पुण्या-मुंबईकडे एकगठ्ठा घेणारा जाणकार ग्राहक कोठे मिळेल, एवढेच कृपया सांगावे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
बूट कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे, केव्हा घेतलेले आणि आज कोणत्या अवस्थेत आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्यावरून ग्राहक कोणी सुचवू शकणार नाही.

जहाजी_मंगळवारपेठ
रेड विंगचे सहा, डॅनरचे चार, डॉक्टर मार्टेन्सचे तीन, व्हाइट्सचे दोन, खिळे मारलेले जुने लष्करी बूट दोन, आणि दोन जोडांवरचे नाव पुसले गेले आहे. मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो; पोर्टलँड, सिएटल अशा बंदरांत उतरलो की पगारातून एखादा जोड घेत असे. माप अर्थातच सगळ्यांचे एकच, माझे. काहींवर पांढरे डाग आले आहेत, पण तो काही मोठा दोष नव्हे.

रंकाळा_पहाट
काका, आपले माप आम्हाला ठाऊक नाही! अमेरिकी माप आपल्याकडच्या मापापेक्षा साधारण एकाने मोठे असते, म्हणून नुसता आकडा न देता आतल्या तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून द्यावी. डागांवर एरंडेल चोळून बूट उन्हात ठेवा. आमच्याकडे कोल्हापुरी चपलांना वर्षानुवर्षे तेलच लावतात.

जुना_टाका
कृपया तसे करू नये. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते. या बुटांचे चामडे बहुतेक क्रोम या धातूच्या क्षारांत, किंवा क्रोम आणि वनस्पती अशा दोन्हींत कमावलेले असते, आणि त्यात तेल व मेण आधीच भरपूर मुरवलेले असते. वरून तेल ओतले तर रंग काळवंडतो, आणि संग्राहक सर्वांत आधी रंगच पाहतो. उन्हाने चामडे तडकते, ते वेगळेच. शिवाय पांढरा थर म्हणजे बुरशीच असे नाही. चामड्यातले मेण वर येऊनही तसाच थर दिसतो. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा द्यावी : विरघळून दिसेनासा झाला तर मेण, तसाच राहिला आणि कुबट वास आला तर बुरशी.

रंकाळा_पहाट
माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे चपला तेलावर टिकवल्या आहेत, हा अनुभव आहे, ऐकीव गोष्ट नव्हे.

जुना_टाका
चपलांच्या बाबतीत आपले वडील बरोबरच आहेत. प्रश्न बुटांचा आहे.

हिशेबनीस
वैयक्तिक वापराची जंगम वस्तू आयकर कायद्यानुसार भांडवली मालमत्तेत मोडत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांसारखे अपवाद सोडले तर. त्यामुळे स्वतः वापरलेले बूट विकल्यास भांडवली नफ्याचा प्रश्न सहसा येत नाही.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली
माहिती उपयुक्त आहे, परंतु ती त्यांनी विचारलेली नाही. डॉक्टर मार्टेन्सवर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर ते नक्की २००३ पूर्वीचे, आणि त्यांना वेगळा भाव मिळतो. ते एकगठ्ठ्यात घालू नका.

जुना_टाका
‘नक्की’ म्हणता येणार नाही. २००३ मध्ये बहुतेक उत्पादन आशियात गेले हे खरे, पण २००७ पासून इंग्लंडमधल्या वोलस्टन येथे काही जोड पुन्हा तयार होऊ लागले. खरेदीची पावती किंवा साल हाच पुरावा. मला मात्र त्याहून मोठी काळजी डॅनरची वाटते. तळात पॉलियुरेथेन नावाचे फेसासारखे प्लास्टिक असेल तर ते हवेतल्या दमटपणाने आतून विघटित होते, आणि बूट कपाटात नुसता पडून राहिला तरी होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. अंगठ्याने तळ जोरात दाबून पाहावा. भुगा पडला किंवा चिकट लागले, तर तो जोड विक्रीला काढू नये, किंवा दोष लिहूनच विकावा. रेड विंगचे तळ मात्र बदलता येतात, कारण वरचा भाग वेल्ट नावाच्या पट्टीला आणि तळ त्याच पट्टीला शिवलेला असतो.

चप्पललाईन_शेजारी
तळ बदलायचेच असतील तर आमच्या भागात हाताने शिवणारे कारागीर आहेत. चामड्याच्या वादीने शिवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. पण वेल्टला मेण लावलेला जाड दोरा लागतो आणि जुन्या भोकांतूनच आरी घालावी लागते, हे आधी स्पष्ट सांगावे.

जहाजी_मंगळवारपेठ
सर्वांचे आभार. काल सकाळपासून एकेक जोड खाली काढून पाहिला. डॅनरच्या चारपैकी दोन जोडांचा तळ अंगठ्याखाली अक्षरशः चुरला. त्यांतला एक घालून मी १९९१ च्या हिवाळ्यात डेकवर कित्येक रात्री काढल्या आहेत. तो विकणार नाही, टाकणारही नाही. व्हाइट्सवरचा पांढरा थर कोमट हवेने विरघळला. लष्करी बुटांवरचा विरघळला नाही, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात वेगळे ठेवले आहेत. डॉक्टर मार्टेन्सची १९९४ ची लिव्हरपूलची पावती डब्यात सापडली. आतल्या तळव्याची लांबी २७.५ सेंटिमीटर, आपल्याकडचे नऊ नंबर. एकगठ्ठ्याचा हट्ट सोडतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला हे जड बूट घालता येत नाहीत, पण ते कोणीतरी घालून हिंडावे, अशी मनापासून इच्छा आहे. रविवारी सकाळी दहा ते एक घरी आहे. यायचे असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप करावा, पत्ता कळवीन.

रंकाळा_पहाट
काका, माझे माप नऊच आहे. रेड विंगपैकी एखादा जोड माझ्यासाठी रविवारपर्यंत बाजूला ठेवावा. तेल लावणार नाही.