एल्डन रिंग एकट्याने खेळताना तुम्ही कोणता बिल्ड घेतलात? (अनुभव धागा)

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमबद्दल मराठीत गप्पा निघाल्या की त्या बहुतेक मलेनिया या महाकठीण बॉसवरच (बॉस म्हणजे मोठा, बलाढ्य शत्रू) येऊन थांबतात. पण नवा माणूस अडकतो तो त्याच्या कितीतरी आधी, क्लास (म्हणजे सुरुवातीचं पात्र) निवडायच्या पहिल्याच पडद्यावर. १० क्लास समोर असतात, एकाचाही नीट अंदाज येत नाही, आणि मग तो 'सगळ्यात जास्त डॅमेज' छापाच्या याद्या बघायला जातो. एकट्याने खेळणाऱ्याची गरज वेगळी असते. बॉसचं सगळं लक्ष तुमच्यावर, तुम्ही पडलात की लढाई संपली, मागून हील करणारं कुणी नाही. उलट बाजूने, सोबतीला दुसरा खेळाडू बोलावला नाही तर बाहेरचे खेळाडू तुमच्या जगात घुसत नाहीत (घुसखोरांना बोलावणारी टाँटर्स टंग ही वस्तू वापरली तर गोष्ट वेगळी), म्हणजे माणसांशी लढायचा हिशोब डोक्यातून काढूनच टाकता येतो. बॉसचं आयुष्यही (मार सोसायची ताकद) वाढत नाही.

म्हणून हा धागा. अट एकच: ऑनलाइन सोबत न घेता खेळलेला अनुभव लिहा. लढाईत मदतीला बोलावता येणारे राखेतले आत्मे म्हणजे स्पिरिट अ‍ॅशेस चालतील. काय घेतलंत, का घेतलंत आणि कुठे अडलात ते सविस्तर येऊ द्या.

सुरुवात मीच करतो. क्लासची धास्ती घेऊ नका. कोणत्याही क्लासच्या आठही स्टॅटची (व्हिगर, स्ट्रेंग्थ अशा गुणांच्या आकड्यांची) बेरीज करा, त्यातून त्याची लेव्हल वजा करा, उत्तर ७९ येतं. रेच लेव्हल १ ला, सगळीकडे १० घेऊन सुरू होतो आणि कन्फेसर लेव्हल १० ला, तरी कुणाला फुकट काही मिळालेलं नाही. फरक एवढाच की पॉइंट कुठे टाकलेत. माझं ठाम मत असं की एकट्याने खेळताना बिल्डची, म्हणजे पॉइंट कशात घालायचे त्या आराखड्याची, पहिली ओळ व्हिगर असावी. व्हिगर १० ला आयुष्य ४१४ असतं, ४० ला १४५०, ६० ला १९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेलंत तरी २१०० च. म्हणजे ६० पर्यंतचा प्रत्येक पॉइंट वसूल होतो आणि नंतरचे जवळजवळ वाया जातात. डॅमेजची काळजी सुरुवातीला स्मिदिंग स्टोन, म्हणजे हत्यार सुधारायचे दगड, घेतात. हत्याराला धार लावत राहिलात तर स्ट्रेंग्थ थोडी मागे राहिली तरी निभतं.

सोनचाफा, रत्नागिरी

मी अ‍ॅस्ट्रॉलॉजर घेतली आणि शेवटपर्यंत जादूच खेळले. कारण घरचं आहे. मुलगी झोपली की मला वेळ मिळतो आणि ती कधी उठेल याचा नेम नाही. जवळून तलवार चालवायची तर डोळे सतत स्क्रीनवर खिळलेले लागतात. लांबून मारणाऱ्याला एक श्वास घ्यायची जागा मिळते. (ज्यांना असंच मधूनच उठावं लागतं त्यांच्यासाठी: हा खेळ एरवी पॉज होत नाही, पण इन्व्हेंटरी उघडून हेल्पमधलं 'मेनू एक्स्प्लनेशन' निवडलं की सगळं जागच्या जागी थांबतं. मला हे फार उपयोगी पडलं.)

अ‍ॅस्ट्रॉलॉजरचं व्हिगर ९, म्हणजे अंगात काहीच नाही. इंटेलिजन्स मात्र १६. दोन लेव्हल वाढवून ते १८ केलं आणि लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातून टॉरेंट या घोड्यावर बसून थेट केलिड प्रदेश गाठला. एओनियाच्या लाल दलदलीत स्ट्रीट ऑफ सेजेस नावाचे भग्नावशेष आहेत. मिटिओराइट स्टाफ तिथेच आहे आणि त्याच पडक्या वस्तीच्या तळघरात रॉक स्लिंग हा मंत्र. दोन्हीला १८ च इंटेलिजन्स लागतो, आणि हा स्टाफ गुरुत्वाकर्षणाच्या मंत्रांना ३० टक्के जोर देतो, ज्यात रॉक स्लिंग येतो. जमिनीतून तीन दगड वर येतात, क्षणभर हवेत तरंगतात आणि मग सुटतात. तो क्षणभराचा उशीर अंगवळणी पडला पाहिजे. शत्रू उडी मारायच्या बेतात असताना मंत्र म्हटला तर तो खाली येतो तेव्हा दगड तिथे पोचलेले असतात. स्टाफ अपग्रेड होत नाही, पण खूप लांबपर्यंत त्याची गरजही वाटली नाही.

मार्गिट या बॉसपाशी मात्र दम निघाला. तो अंतर ठेवूच देत नाही. स्टॉर्महिलच्या झोपडीत बसलेली रॉडेरिका जेलिफिशची राख देते, ती जेलिफिश बोलावली आणि मार्गिट तिच्या मागे लागला की मी मागून मारायची. एकट्या जादूगाराला कुणीतरी पुढे उभं राहणारं लागतंच. रेनाला या जादूगार बॉसला माझ्या जादूने फारसं काही होईना, तिथे हातात साधी तलवार घेतली. जादू खेळणाऱ्यांनी एक बरं हत्यार वाढवून ठेवावंच असं मी सांगेन.

निवृत्तीनाथ, नाशिक

बँकेतून निवृत्त झालो, साठी ओलांडली आहे. मुलाने जाताना त्याचं जुनं प्लेस्टेशन इथेच ठेवलं आणि मी त्यावर हळूहळू शिकलो. माझी बोटं तरुणांसारखी चालत नाहीत. रोल मारायचा, म्हणजे लोळून वार चुकवायचा, तो नेमका क्षण मला साधत नाही, म्हणून मी क्लास निवडताना फक्त एक बघितलं, ढाल कुणाची चांगली. व्हॅगाबाँडच्या हीटर शील्डने साधा मार १०० टक्के अडतो. शिवाय व्हिगर १५, सगळ्यांत जास्त.

मग मला कळलं की भाला असेल तर ढाल खाली न करता भोसकता येतं. साध्या तलवारीला ते जमत नाही. गेल बोगद्यातून क्रॉस-नागिनाता आणला. त्याला स्ट्रेंग्थ १६ आणि डेक्सटेरिटी २० लागते, आणि त्याने रक्तस्रावही होतो. तेव्हापासून माझी पद्धत ठरली: ढाल वर, पाय मागे, दोन वार, पुन्हा मागे. समोरच्याचा जड वार ढालीवर घेतला की लगेच आर-टू दाबायचं, तो गार्ड काउंटर. त्यात मोठमोठे सरदार गुडघ्यावर येतात. व्हिगरच्या खालोखाल मी एन्ड्युरन्सला पॉइंट दिले, कारण ढालीवर बसणारा प्रत्येक वार स्टॅमिना खातो आणि स्टॅमिना संपला की ढाल उघडी पडते.

गॉड्रिक, रादान, मोर्गॉट, सगळे असेच झाले. पद्धत कोसळली ती मलेनियापाशी. तिचा वार ढालीवर बसला तरी तिचं आयुष्य भरतं. मी जितका नीट अडवत होतो तितकी ती बरी होत होती! तिथे ढाल बाजूला ठेवली, दोन्ही हातांत भाला धरला आणि मिमिक टिअर हा मदतीचा आत्मा बोलावला. मलेनियाला रक्तस्राव लागू पडतो. दोघे मिळून भोसकत राहिलो तेव्हा कुठे ती पडली. त्या रात्री मुलाला अमेरिकेत फोन केला, तिकडे सकाळ होती.

टपाल

सामुराई घ्या. उचिगाताना पहिल्या मिनिटापासून हातात, रक्तस्राव होतो, धनुष्यही मिळतं. नव्या माणसाला दुसरं काही सांगू नये.

खडकवासला

टपाल, सामुराई चांगलाच आहे, मीही पहिल्यांदा तोच खेळलो. पण पुढचंही सांगायला हवं. रक्तस्रावावर पूर्ण भिस्त ठेवणारा बिल्ड सांगाड्यांसमोर फुकट जातो, त्यांना रक्तच नाही. आणि अगदी शेवटी एल्डन बीस्टलाही रक्तस्राव लागत नाही. एकट्या माणसाकडे त्या वेळी दुसरा खेळाडू नसतो की जो वेगळ्या प्रकारचा मारा करेल. म्हणून दुसरं हत्यार, दुसऱ्या जातीच्या माराचं, सोबत वाढवलेलं असू द्या.

कृष्णाकाठ, सांगली

दोन वर्षांपूर्वी मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकच बटण पटपट दाबायचा खेळ नको. म्हणून मी शोध घेतला तो कमीत कमी बटणं दाबून जास्तीत जास्त मार कसा होईल याचा. उत्तर मिळालं: भलंमोठं हत्यार आणि उडी.

हिरो क्लास घेतला. त्याची स्ट्रेंग्थ १६. केलिडमधल्या एका गाड्यात ग्रेटस्वोर्ड आहे, तिला स्ट्रेंग्थ ३१ लागते. आकडा बघून माणूस मागे फिरतो. पण दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणजे २१ पुरते. हिरोला स्ट्रेंग्थचे ५ आणि डेक्सटेरिटी ९ वरून १२ करायला ३, असे ८ पॉइंट घातले की तलवार तुमची. लिमग्रेव्ह संपायच्या आतच.

नंतर सगळं उडीवर. उडी मारून जड वार घातला की समोरच्याचा तोल जातो, दोन-चार वारांत तो कोसळतो आणि मग मर्मावर घाव घालता येतो. स्टॉर्मव्हेल किल्ल्यात क्लॉ टॅलिस्मन आहे, त्याने उडीचा वार आणखी जोरदार होतो. ते सोडू नका. एका मिनिटात मी जेमतेम सात-आठ बटणं दाबत असेन. उरलेला वेळ फक्त बघायचं: हात कधी वर गेला, पाऊल कधी पुढे पडलं. बॉसच्या हालचाली मला इतक्या पाठ कधीच झाल्या नव्हत्या. हात दुखावलेल्या, सांधे धरलेल्या कुणालाही मी हाच बिल्ड सुचवेन, अगदी मनापासून.

धागाकर्ता

कृष्णाकाठ, हे फार मोलाचं लिहिलंत. बिल्ड म्हणजे आकडे एवढंच धरून आपण बोलतो, पण हात कुणाचे आहेत हा प्रश्न आधी येतो. निवृत्तीनाथ काका, तुमची पोस्ट तर दोनदा वाचली.

वेताळटेकडी

मिमिक टिअरबद्दल थोडं मतभेदाचं. ती तुमचीच प्रतिकृती असते, तुमच्याच अंगावरची हत्यारं घेऊन येते, बोलवायला ६६० आयुष्य जातं. २०२२ च्या मार्चमधल्या पॅचमध्ये तिचा मारा कमी केला, तरी ती इतकी टिकाऊ आहे की बॉस तिच्या मागे आणि आपण नुसते बघे, असं पुष्कळदा होतं. मी आत्मे न वापरता खेळतो. याच कंपनीच्या जुन्या डार्क सोल्स खेळापासून सवय आहे आणि बॉसशी समोरासमोर दोन हात करण्यातच मला रस आहे. तसं खेळायचं असेल तर व्हिगर आणि एक ओळखीची तलवार, एवढंच पुरतं. एकाच हत्याराची लांबी डोळ्यांत बसली पाहिजे.

सोनचाफा

वेताळटेकडी, तुमचं म्हणणं पटतं, पण प्रत्येकाकडे तितके तास नसतात हो. आत्मे बोलवायची घंटा खेळानेच दिली आहे. एलेहच्या चर्चमध्ये रेन्ना नावाची बाई स्वतःहून येऊन हातात ठेवते.

उत्तरायण, स्टुटगार्ट

इथे थंडीत साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे खेळायला वेळ भरपूर. मी कन्फेसर. एकट्याने खेळायचं तर स्वतःला बरं करता आलंच पाहिजे असं मला पहिल्यापासून वाटत होतं, आणि कन्फेसरला सुरुवातीलाच अर्जंट हील मिळतं. पण खरा बिल्ड तयार झाला ते रायकार्ड या बॉसला मारल्यावर. त्याच्या स्मृतीच्या (मेलेल्या बॉसकडून मिळणारी वस्तू) बदल्यात राउंडटेबलमध्ये एनिया नावाची म्हातारी ब्लास्फेमस ब्लेड ही तलवार देते. स्ट्रेंग्थ २२, डेक्सटेरिटी १५, फेथ २१. कन्फेसरला बरोबर २० पॉइंट लागतात. तिच्या खास वाराने आगीची लाट पुढे जाते, आणि ती ज्याला लागते त्याच्याकडून आपलं आयुष्य भरून येतं. शत्रू मेला की आणखी थोडं. फ्लास्क (आयुष्य भरणारं औषध) संपत आले असताना मारत राहणं हाच बरं होण्याचा मार्ग होतो आणि माझी घाबरून मागे पळायची सवय त्यानेच मोडली. शिवाय फेथचा बराच मारा पवित्र जातीचा असतो आणि एल्डन बीस्टला तो फारसा लागत नाही. आगीची ती अडचण तितकी नाही.

२०२४ च्या जूनमध्ये शॅडो ऑफ द अर्डट्री ही खेळाची पुरवणी आली तेव्हा याच पात्राने आत गेलो (रादान आणि मोग दोघेही मेलेले असावे लागतात). व्हिगर ६० असूनही पहिल्याच शिपायाने अर्धं आयुष्य नेलं. तिथे लेव्हलपेक्षा स्कॅड्युट्रीचे तुकडे मोलाचे. ते ग्रेसपाशी (विश्रांतीच्या ठिकाणी) वापरले की मारा आणि बचाव दोन्ही वाढतात, २० पायऱ्यांपर्यंत, पण फक्त त्या प्रदेशात. तेव्हा अडकलात तर बिल्ड बदलायला रेनालाकडे (हरल्यावर ती पॉइंट नव्याने वाटून देते) धावू नका. आधी तिथे जागोजागी उभे असलेले क्रॉस गाठा, पुष्कळ तुकडे तिथेच पडलेले असतात.

टपाल

खडकवासला यांचं वाचून सामुराईच्या हातात दुसरं हत्यार म्हणून जड गदा वाढवायला घेतली. सांगाडे आता एका वारात विखुरतात. खाली पडल्यावर ते निळसर चमकतात, तेव्हा आणखी एक फटका घालायचा, नाहीतर पुन्हा उठतात. कृष्णाकाठ, गदेवरही उडीचा वार तेवढाच बसतो का? की त्या लांब तलवारीचाच फायदा?

कृष्णाकाठ, सांगली

बसतो. गदेची पोच कमी, म्हणून उडी थोडी जवळून मारा. सांगाड्यांना तर गदाच बरी.