राउटरसाठी इन्व्हर्टर रात्रभर कशाला?

राउटर आणि फायबरची डबी चालू ठेवली की सकाळपर्यंत सोलरची बॅटरी उतरते, असं तुम्ही म्हणताय. राउटरला कशाला दोष देताय? दोन्ही मिळून 12 वॅट धरले तरी चोवीस तासांत 288 वॅट-तास होतात. त्यांच्यासाठी रात्रभर चालू ठेवलेला इन्व्हर्टर मात्र काहीच लोड नसताना स्वतःच 15-20 वॅट सहज खातो. शिवाय 12 व्होल्ट डीसीचे 230 एसी करायचे आणि अडॅप्टरने पुन्हा 12 डीसी, हा द्राविडी प्राणायाम वेगळाच!

त्यापेक्षा इन्व्हर्टर वगळून राउटर बॅटरीच्या डीसीवरच चालवा. आधी अडॅप्टरवरचं आउटपुट वाचा. बहुतेकांवर 12 व्होल्ट असतं, काहींवर 9. तरी बॅटरीची वायर थेट खोचू नका. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना 14.4 पर्यंत चढते, उतरली की 12 च्या खाली येते. म्हणून मधे बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा, म्हणजे व्होल्टेज गरजेप्रमाणे कमी किंवा जास्त करून एकसारखं देणारा; नुसता बक, म्हणजे फक्त कमी करणारा, नाही. मल्टिमीटर लावून अडॅप्टरवर असेल तेच, 12 किंवा 9, सेट करा, प्लस-मायनस तपासा, मगच पिन जोडा. पिन बाहेरून 5.5 मिमीचीच दिसते, पण आतलं भोक 2.1 की 2.5 ते बघा. सैल बसली तर राउटर मधेच रीस्टार्ट होतो आणि शिव्या बसतात नेटवाल्याला.

सिस्टीम 24 व्होल्टची असेल तर बक पुरतो. दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 काढायचा मोह मात्र टाळा. ती एकटीच उतरत राहते आणि जोडीचं संतुलन बिघडतं. बॅटरीच्या प्लसजवळ 3 अँपिअरचा फ्यूज टाकायचाच.