क्लच दाबला की इंजिन बंद, उभी राहिली की आरपीएम वरखाली. आता अजून काय बदलू?

सासवड_अपडाऊन:
गाडी २०१३ ची, १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. बाबांची होती, आता माझ्याकडे आहे. ९१ हजार किलोमीटर झालेत. रोज कोंढव्याहून बोपदेव घाटाने सासवडला शाळेत आणि परत.

सकाळी थंड असताना अगदी शहाण्यासारखी वागते. १३०० ला सुरू होते, हळूहळू खाली येते. इंजिन गरम झालं की मात्र अंगात येतं. न्यूट्रलला उभी असताना काटा ८०० वरून १६०० वर चढतो, धपकन खाली येतो, परत चढतो. एक फेरी अडीच सेकंदांची. (मी पीटी शिकवते, स्टॉपवॉच गळ्यातच असतं.) गंमत म्हणजे एसी लावला की हा नाच जवळजवळ थांबतो.

खरी भीती घाटात वाटते. दुसऱ्या गिअरला उतरते, येवलेवाडीला गर्दी लागली की क्लच दाबून ब्रेक मारते. काटा ७००, ५००, आणि गाडी गप्प. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. या आठवड्यात तीनदा झालं.

गॅरेजवाल्याने प्लग आणि एअर फिल्टर बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. ४२०० रुपये गेले आणि त्रास वाढला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." एकोणीस वर्षं गाडी चालवतेय, पाय कुठे ठेवायचा ते मला कळतं. काल तिसरं निदान आलं: ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय, १८ हजार. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागलेला नाही. काय करू?

पाचवा_गिअर:
पेट्रोल खराब असणार. इथेनॉल आल्यापासून सगळ्यांच्याच गाड्या अशा करतात. इंजेक्टर क्लीनरची बाटली टाका. तोवर एसी लावूनच फिरा 😄

सासवड_अपडाऊन:
दोन वेगवेगळ्या पंपांवर टाकी भरून झाली. आणि पेट्रोल खराब असेल तर सकाळी दहा मिनिटं ते चांगलं कसं होतं?

रात्रपाळी:
एक साधी गोष्ट बघा. गाडी उभी, न्यूट्रलला, इंजिन चालू. नुसता क्लच दाबून धरा, मग सोडा. फरक पडतो का? दाबल्यावर इंजिन दबत असेल तर क्लचचा रेटा झेलणाऱ्या, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट बेअरिंगपर्यंत जावं लागेल, आणि ते काम मोठं आहे.

सासवड_अपडाऊन:
दहा वेळा करून बघितलं. दाबा नाहीतर सोडा, नाच तसाच. चालत्या गाडीत गिअर असताना दाबला तरच बंद पडते.

रात्रपाळी:
मग बेअरिंगची काळजी सोडा.

उद्यमनगर_कोल्हापूर:
ताई, ईसीएमला हात लावू देऊ नका. बावीस वर्षं हेच करतोय. तुम्ही लिहिलेल्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत: एसी लावल्यावर थांबते, आणि गरम झाल्यावरच होते. कुठूनतरी चोरटी हवा आत जातीय.

बघा, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळं त्याच्या पुढच्या हवेच्या नळीत, मॅनिफोल्डमध्ये, ओढ सगळ्यात जास्त. एखादा पाइप फाटला असेल तर तिथनं हवा आत शिरते. तुमच्या इंजिनात हवा मोजायचा एमएएफ नसणार, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी असणार. तो या चोरट्या हवेचाही हिशोब धरतो आणि तेवढं पेट्रोल सोडायला लावतो. म्हणून मिश्रण बिघडत नाही, दिवा लागत नाही, नुसता आरपीएम चढतो. ईसीएम बघतो, थ्रॉटल बंद आहे तरी १६०० कसे? त्याला वाटतं गाडी उतारावर आहे, पेट्रोल तोडतो. काटा पडला की परत सोडतो. तुमचे अडीच सेकंद ते हेच. एसीचा बोजा आला की काटा तेवढा चढतच नाही, म्हणून थांबतं.

बंद पडण्याचं कारणही तेच. ईसीएमने फुकटच्या हवेची सवय लावून घेऊन थ्रॉटल पार मिटून ठेवलाय. उतारावर चाकं इंजिन फिरवत असतात, तोवर पेट्रोल बंद. तुम्ही क्लच दाबला की इंजिन एकदम सुटं पडतं आणि थ्रॉटल उघडून त्याला झेलायला ईसीएमला उशीर होतो.

सातशे-आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या. आधी इंजिन बंद, चावी ऑन: एमएपी पुण्यात ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास दिसला पाहिजे, तिकडं रत्नागिरीला तोच १०० च्या वर. तेवढा दिसला तर सेन्सर ठीक. मग गरम इंजिनवर आयडलला ३०-३५ हवा. ४५ दिसला तर चोर घरातच आहे.

शोधायला इस्त्रीची पाण्याची फवाऱ्याची बाटली घ्या. गरम, चालू इंजिनवर एकेका पाइपच्या जोडावर बारीक फवारा. जिथं मारल्यावर आवाज बदलेल तिथं थांबा. वायरिंग, कॉइलवर पाणी नको, फॅन-बेल्टजवळ ओढणी नको. आणि कुणी कार्ब क्लीनर मारा म्हणालं तर ऐकू नका, गरम मॅनिफोल्डवर भडका उडतो. ब्रेक बूस्टरचा जाडा पाइप आणि टॅपेट कव्हरवरनं येणारा पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारा), हे दोन पहिले.

सासवड_अपडाऊन:
सहा दिवसांनी लिहितेय, शाळेत क्रीडा सप्ताह होता.

दादा, चावी ऑन केल्यावर ९४. आयडलला ४३ ते ४९ नाचत होता. रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाटली घेऊन उभी राहिले. वॉचमनकाका म्हणाले, गाडीला इस्त्री करताय का. बूस्टरच्या पाइपवर काही नाही. पीसीव्हीच्या पाइपच्या कोपऱ्यावर मारलं आणि इंजिनने आवंढा गिळल्यासारखा आवाज केला. परत मारलं, परत तसंच.

इंजिन थोडं निवल्यावर, रबर कोमट असतानाच पाइप काढला. वरून बघितला तर नव्यासारखा. उलटा केला तर वळणाच्या पोटात करंगळीच्या नखाएवढी चीर, कडा तेलाने भिजून मऊ झालेल्या. दोन बोटांनी वाकवला की ओठ उघडावेत तशी उघडते, सोडला की मिटते. गरम झाल्यावरच का, ते हातात घेतल्यावर समजलं. रबर पार गार असताना ती चीर शोधूनही सापडली नसती.

नवीन पाइप २४० रुपये. बसवला आणि गाडी लगेच ५५० वर थरथरायला लागली. पोटात गोळाच आला.

उद्यमनगर_कोल्हापूर:
घाबरू नका. थ्रॉटल अजून जुन्या सवयीनं मिटून बसलाय. त्याला आयडल नव्यानं शिकवायला लागतं. गाडीगणिक रीत वेगळी, पुस्तकात असेल. थ्रॉटल साफ केल्यावरही हे करायचं असतं, तुमच्या गॅरेजवाल्यानं केलं नसणार, म्हणून तेव्हा त्रास वाढला.

सासवड_अपडाऊन:
बाबांच्या फाइलमध्ये पुस्तक सापडलं. त्यात लिहिल्याप्रमाणे बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवली, मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता दहा मिनिटं एसीशिवाय आणि पाच मिनिटं एसी लावून चालू ठेवली. ७८० वर स्थिर. एमएपी ३३. आज घाट उतरून येवलेवाडीच्या गर्दीत चार वेळा क्लच दाबला, चारही वेळा काटा ८०० ला येऊन थांबला.

रात्रपाळी:
काढलेले जुने प्लग परत मागून घेतले का?

सासवड_अपडाऊन:
डिकीत आहेत. तीन अगदी चांगले निघाले, चौथ्याचं चिनीमातीचं टोक त्याने काढताना फोडलंय.