मदत हवी आहे: पोस्टग्रेसचा रिपोर्ट सकाळी रांगतो, दुपारी पळतो

नमस्कार मंडळी. इंदूरला सियागंजात एका घाऊक किराणा व्यापाऱ्याचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १५, उबुंटू, ३२ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क. जावाचं ॲप्लिकेशनही त्याच मशीनवर आहे. डेटाबेस ४० जीबीच्या आसपास. रात्री दुकान वाढवलं की मेन स्विच ओढतात, पण यूपीएस असल्याने सर्व्हर नीट शटडाउन होतो.

सकाळचा पहिला उधारीचा रिपोर्ट यायला दोनेक मिनिटं लागतात. तोच दुपारी सात-आठ सेकंदांत येतो. शेठजींचं पालुपद ठरलेलं: ‘भैया, नई मशीन ले लें क्या?’

शेअर्ड बफर्स (डिस्कवरून वाचलेला डेटा पोस्टग्रेस रॅममध्ये ठेवतं ती जागा) मूळच्या १२८ एमबीवरून ८ जीबी केले, म्हणजे रॅमच्या पाव. दुपार सुधारली, सकाळ जशीच्या तशी. हिट रेशो (बफर्समध्येच सापडलेल्या वाचनांचं प्रमाण) ९९ टक्के दिसतो, पण ती आकडेवारी शेवटची रिसेट केल्यापासूनची सरासरी, तिच्यात सकाळ बुडून जाते. क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्स्प्लेन ॲनलाइजमध्ये बफर्स पाहिले तर सकाळी जवळजवळ सगळे ‘रीड’ (बफर्सबाहेरून आणलेले), दुपारी ‘हिट’ (बफर्समध्येच सापडलेले). शिवाय सॉर्ट डिस्कवर सांडतोय. वर्क मेम (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी रॅम) अजून ४ एमबीच आहे.

शेअर्ड बफर्स १६ जीबी करू का? वर्क मेम सरसकट २५६ एमबी चालेल? रेडिस (रॅममध्ये उत्तरं साठवणारी वेगळी कॅश) मधे बसवायचंही मनात आहे, पण उधारीचा शिळा आकडा दिसला तर शेठजी मला दुकानाच्या पायरीवर उभं करणार नाहीत.

प्रतिसाद:
मेन स्विच ओढतात ना, मग रोज सकाळी शेअर्ड बफर्सही रिकामे आणि ओएसची कॅशही रिकामी. १६ जीबी केलेत तर रिकामं भांडं मोठं होईल, बस. पीजी प्रीवॉर्म हे एक्स्टेन्शन शेअर्ड प्रीलोड लायब्ररीज या सेटिंगमध्ये टाकून रीस्टार्ट करा. त्यातलं ऑटोप्रीवॉर्म बफर्समधल्या पानांची (डेटाच्या तुकड्यांची) यादी दर ३०० सेकंदांनी फाइलमध्ये लिहितं आणि सर्व्हर सुरू होताना तीच पानं परत वर आणतं. हार्डडिस्क आहे, वेळ घेईल. मशीन गिऱ्हाईक येण्याआधी सुरू करायला सांगा.

दुपारी हिट दिसतात हे नशीब. बफर्सच्या पाव भागाहून मोठं टेबल पूर्ण स्कॅन होत असतं, तर पोस्टग्रेस ते छोट्याशा रिंगमधून (पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या थोड्या बफर्समधून) वाचतं, पानं टिकत नाहीत. मग प्रीवॉर्मचा काही उपयोग नव्हता, इंडेक्सच शोधावा लागला असता.

वर्क मेम सरसकट मुळीच वाढवू नका. ती मर्यादा प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळी लागते, एका क्वेरीत असे चार निघू शकतात. रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरतंच ‘सेट लोकल’ने वाढवा. रेडिसची गरज दिसत नाही.

धागाकर्ता:
आभार! यूपीएस दगा देऊन लाइट गेली तर ती यादी उरते का?

प्रतिसाद:
उरते. फार तर पाच मिनिटं जुनी असेल.